मधला वेंडेल

शिक्षणाने माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो, हे निर्विवाद आहे. ते पाय दरमहा हप्त्यावर मिळतात, एवढंच सांगायचं राहून जातं.

ओहायोतल्या पिजन क्रीक कम्युनिटी कॉलेजात बांधकाम अभियांत्रिकी तंत्रज्ञान या विषयाची दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते. हा पदवीधर इंजिनिअर नसतो आणि गवंडीही नसतो. गवंड्याने काय करून ठेवलंय ते इंजिनिअरला सांगणारा तो माणूस. म्हणजे दोघांच्याही शिव्या खायला तो रीतसर पात्र असतो. वेंडेल स्टॉकस्लेगरने ही पात्रता एकोणीस हजार डॉलरचं कर्ज काढून मिळवली. जामीन त्याची आई लोर्ना, शाळेच्या कँटीनमध्ये वाढायला असते. तीन वर्षं न चुकता हप्ते भरून कर्ज अठरा हजार सातशेपर्यंत खाली आलं होतं. (व्याजालाही पोट असतं.)

आता नियम असा, की आपले पदवीधर किती कमावतात ते कॉलेजने जाहीर करावं. सरासरी चालत नाही. सगळ्यांना कमाईच्या क्रमाने उभं करायचं आणि बरोब्बर मधल्याचा आकडा छापायचा. पद्धत मोठी न्याय्य आहे. सरासरीत पाप सगळ्यांत वाटलं जातं. इथे ते एकाच सज्जनाच्या डोक्यावर ठेवता येतं.

वेंडेलच्या तुकडीत पाच जण पास झाले. पहिला नंबर ज्याच्या बापाचीच डांबराची कंपनी होती त्याचा. (पदवीचा उपयोग: भिंतीला शोभा.) दुसरी वर्ना, अलास्कात पाइपलाइनवर गेलेली, तिथे पैसे खर्च करायला दुकानच नसल्याने ती श्रीमंत झाली. चौथा रंगाच्या दुकानात डबे हलवून द्यायचा. पाचव्याचा ठावठिकाणा कुणालाच नव्हता; मात्र वसुलीवाले त्याला शोधून काढतील, अशी सर्वांची श्रद्धा होती. आणि या सगळ्यांच्या मधोमध, वर्षाला त्रेचाळीस हजार दोनशे डॉलरवर, वेंडेल.

हायवेवर भला मोठा फलक लागला: ‘आमचे पदवीधर कमावतात ४३,२००!’ हे आदरार्थी बहुवचन एकट्या वेंडेलचं होतं. डीन ग्लेंडा मॅक्वॉर्टर त्याला दर नाताळला कार्ड पाठवू लागल्या: ‘जिथे आहेस तिथेच सुखात राहा.’

एका तपासणी लॅबमध्ये वेंडेलचं काम असं, की काँक्रीटची गाडी आली की लोखंडी साच्यात थोडं काँक्रीट ठासायचं, साचा अलगद उचलायचा, आणि भाताची मूद खाली बसावी तसं ते किती बसतं ते मोजायचं. चार इंचांपर्यंत बसलं तर ठीक. त्या मंगळवारी ते आठ इंच बसलं.

“काय मास्तर, संपली का भातुकली?” मुकादम क्लेमने विचारलं.

“आठ इंच. गाडी परत.”

“अरे, ड्रायव्हरने जरा पाणी मारलंय, एवढंच. पटकन पसरतं. सगळेच मारतात!”

“म्हणून तर सगळीकडे भेगा पडतात.”

“आणि इमारत कुणाची आहे ते तरी बघ, शहाण्या! तुझ्याच कॉलेजची. बांधकाम तंत्रज्ञानाची! तुझ्यासारखेच इथून बाहेर पडणार.”

“तेच म्हणतोय मी. बाहेर पडायला हवेत, आत गाडले जायला नकोत.”

गाडी परत गेली. तिच्या मागोमाग ठेकेदाराने तपासणीची लॅब बदलली, आणि जुन्या लॅबने वेंडेलला घरी पाठवलं. (निरोपाच्या पत्रात त्याच्या सचोटीची मुक्तकंठाने स्तुती होती. स्तुतीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती सढळ हाताने केलेली असते.)

“वा रे माझ्या सत्यवाद्या!” लोर्ना म्हणाली. “आता बँक माझ्या दारात येईल. मी काय पोरांच्या ताटातले वाटाणे गहाण ठेवू?” असं म्हणून तिने त्यालाच आग्रहाने दोनदा वाढलं. बरोबर वागून इतकं अपराधी वाटू शकतं, हे त्याला कोणत्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

आठवडा उलटायच्या आत डीन मॅडम बटाटा आणि चीजचा भाजलेला ट्रे घेऊन दारात हजर. तिकडे मयताच्या घरी हाच ट्रे नेतात.

“वेंडेल, बाळा,” त्या कळवळून म्हणाल्या, “नोकरी गेली ते तुझं खासगी दुःख. पण आमचा मधला गेला रे!”

त्यांचा हिशेब बिनतोड होता. वेंडेल शून्यावर आल्यामुळे तो रांगेच्या शेपटाला गेला आणि रंगाचे डबे हलवणारा मधोमध आला, सव्वीस हजारांवर. त्या आकड्यावर एक पोर प्रवेश घेणार नाही. पोरं नाहीत तर अभ्यासक्रम बंद. अभ्यासक्रम बंद तर नव्या इमारतीत काय शेळ्या बांधायच्या?

यावर उपायही त्यांनी आणला होता. कॉलेजात ‘प्रवेश मार्गदर्शक’ ही जागा निर्माण करण्यात आली होती. पगार, त्रेचाळीस हजार दोनशे.

“चव्वेचाळीस नाही होणार?” वेंडेलने चाचरत विचारलं.

“फलक रंगवून झालाय ना, राजा.”

“आणि ती परत पाठवलेली गाडी?”

“ती? मागच्या फाटकाने आली. नव्या लॅबने मोजलं, बरोब्बर चार इंच!”

वेंडेलने आईकडे पाहिलं. लोर्ना ट्रेवरचा कागद काढत होती. तिने मान वर केली नाही. त्याने सही केली. लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं. मग त्याचीही लाज वाटली.

इमारत दिमाखात उभी राहिली. वेंडेलचं टेबल तळमजल्यावर, दाराला लागून. (त्याने ते मागून घेतलं होतं.) मार्गदर्शकाने असत्य बोलू नये, असा कॉलेजचा सक्त नियम आहे, आणि वेंडेलइतका तो कुणीच पाळला नाही. ओपल नावाची एक पोरगी आली. चुणचुणीत, संशयी.

“हे त्रेचाळीस हजार दोनशे खरंच कुणाला मिळतात, की उगाच आपलं लिहायचं म्हणून?”

“मला मिळतात.”

“हीच पदवी घेऊन?”

“हीच.”

“आणि काम काय करता?”

“हेच. हा आकडा सांगतो.”

ओपलने खोलीवरून नजर फिरवली. हीटर होता, गुबगुबीत खुर्ची होती, कॉफी होती. “उन्हातान्हात नाही, चिखल नाही. बरंय की!” ती म्हणाली आणि कर्जाच्या कागदांवर भराभर सह्या करून मोकळी झाली. नंतरच्या पोरांनीही तेच केलं. वेंडेल प्रत्येकाला कर्जाचा आकडाही मोठ्याने वाचून दाखवायचा; पोरं तेवढ्यात पेन शोधत असायची.

वाचकहो, ओपलला हसू नका. त्रेचाळीस हजार दोनशे हा आकडा दिसताच तुम्ही मनातल्या मनात डॉलरचे रुपये केलेत, आणि ‘आपल्या धाकट्याला पाठवायला हरकत नाही’ असं घरात म्हणूनही झालं. बरं, त्या अठरा हजार सातशेच्या कर्जाचे किती झाले?