ऑपरेटरबाई लिफ्टमध्ये शिरतात

"चार मंगळवार! फक्त चार! चौथ्या मंगळवारी बाई स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर उभ्या नसल्या, तर मला विचारा!" कंडक्टरकाकांनी मानसिक आरोग्य केंद्राच्या बैठकीत टेबलावर अशी थाप मारली की तीन जणांचा चहा बशीत आला.

काका चौतीस वर्षं बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाले आणि वर्षभरात मन असं खचलं की आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टरांची औषधं चालू होतीच, पण अंथरुणातून उठवलं ते केंद्राकडून येणाऱ्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं. तोही कधीकाळी असाच पडून होता. यायचा, खुर्ची ओढून बसायचा, "मलाही असंच व्हायचं" एवढं म्हणायचा आणि तासाभरानं निघून जायचा. आजारातून वर आलेल्या अशा माणसांना केंद्रात 'सोबती' म्हणत. आता दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन काका स्वतः सोबती झाले होते. गळ्यातलं ओळखपत्र घालून ते आंघोळीलाही गेले असते, बायकोनं अडवलं म्हणून!

केंद्राच्या मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं."

"अहो मॅडम, चौतीस वर्षं मी माणसं पुढे सरकवलीत!"

"त्याचीच तर काळजी वाटते!"

एक गोष्ट मात्र काकांनी लपवली होती. सोबती होण्याच्या अर्जात प्रश्न होता : अजूनही छातीत धडधडणं, श्वास कोंडणं असा त्रास होतो का? होत होता. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, कोंदट जागेत. पण खरं लिहिलं आणि ओळखपत्र गेलं तर? मग सकाळी उठायचं कशासाठी? काकांनी डोळे मिटून 'नाही' लिहून टाकलं.

त्यांच्या वाट्याला आल्या ऑपरेटरबाई. वय चौऱ्याहत्तर. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. चौदा महिन्यांपूर्वी भर बाजारात त्यांना अशी धडकी भरली की दोन अनोळखी बायकांनी हाताला धरून घरी आणलं. तेव्हापासून बाईंनी उंबरठा ओलांडला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून राहायच्या. पहिले तीन मंगळवार काका अखंड बोलले आणि बाईंनी ते शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसे ऐकले.

चौथ्या मंगळवारी मात्र बाई अचानक चपला घालून दाराशी आल्या. "चला, येते खाली."

काकांना आनंदानं उडी मारावीशी वाटली. बाईंची सूनबाई तर हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली.

"जिन्यानं जाऊ," बाई म्हणाल्या.

"अहो, तीन मजले! लिफ्ट काय शोभेला आहे? चला, पुढे चला!" काकांनी त्यांना आत घेतलं आणि बटण दाबलं.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून निघाली, दुसऱ्यावर पोचता पोचता तिला उचकी लागली आणि ती थांबली. दिवा गेला, पंखा गेला. बाईंनी काकांचं मनगट असं धरलं की घड्याळाचा पट्टा कातड्यात रुतला.

"घाबरायचं नाही!" काका मोठ्यानं म्हणाले. प्रशिक्षणात शिकवलेलं त्यांना धडाधड आठवलं. "आता मला पाच वस्तू सांगा, समोर दिसणाऱ्या."

"अंधार," बाई म्हणाल्या.

"छान! दुसरी?"

"त्याच्या मागचा अंधार."

तिसरी वस्तू विचारायला काकांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना! छातीत कुणीतरी लोखंडी पिंप गडगडत नेत होतं. भिंती जवळ येत होत्या. काका दाराला पाठ लावून घसरत खाली बसले. आपण मरतोय, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

"आई! काय होतंय तुम्हाला?" वरून सूनबाई ओरडली.

"मला काही नाही गं! यांना होतंय! श्वास लागलाय!"

सूनबाईनं जिन्यातून खाली हाक दिली, "श्वास लागलाय!" दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्यानं पहिल्या मजल्याला कळवलं, "श्वास अडकलाय!" पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना अर्धंच ऐकू यायचं, त्यांनी वॉचमनला सांगितलं, "श्वास थांबला!" वॉचमन कामसू. त्यानं लगेच दोन फोन लावले. एक केंद्राला, आणि दुसरा शववाहिकेला!

आत बाईंनी काकांचं मनगट सोडलं नव्हतं. आता मात्र पकड बदलली होती.

"कंडक्टर, ऐकू येतंय का?" आवाज एकदम सपाट, स्वच्छ. या आवाजानं कैक वर्षं माणसांना माणसांशी जोडून दिलं होतं. "लाइन सोडू नका. तुमची बस डेपोतून सुटली. पहिला थांबा कुठला?"

"पा... पाण्याची टाकी."

"कोण चढलं?"

"दूधवाला. दोन कॅन."

"दार लावा. पुढचा थांबा?"

"शाळा. पोरंच पोरं. सुटे पैसे नसतात कुणाकडे..."

सूतगिरणी झाली, दवाखाना झाला, रेल्वेचं फाटक आलं. तिथं गाडी नेहमीच खोळंबायची, म्हणून बाईंनीही तिथं काकांना जरा थांबू दिलं. बाजारपेठेपर्यंत येता येता छातीतलं पिंप थांबलं.

"मी अर्जावर खोटं लिहिलं," काका अंधारात म्हणाले. "मला अजून होतं असं. मी बरा झालेलो नाही, बाई."

बाईंनी त्यांचं मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "हे पहिल्या मंगळवारी सांगायला काय झालं होतं तुम्हाला? तीन आठवडे मला वाटतंय, हा ठणठणीत माणूस, याला काय कळणार माझं दुखणं! खरं सांगू? आज मी तुम्हाला कटवायला निघाले होते. एकदा फाटक दाखवलं की पीडा टळेल म्हटलं!"

काकांना हसू आलं. बाईंनाही आलं. नेमकं तेव्हाच वॉचमननं किल्लीनं दार उघडलं. बाहेर अर्धी इमारत गंभीर चेहऱ्यानं हात जोडून उभी होती आणि आत दोन म्हातारी माणसं जमिनीवर बसून पोट धरून हसत होती!

शववाहिकेचा चालक स्ट्रेचर घेऊन पुढे आला. "कुणाला न्यायचंय?"

"मला नाही!" काका किंचाळले.

"मग बोलावलं कुणी?"

सगळ्यांनी वॉचमनकडे पाहिलं आणि वॉचमननं छताकडे.

तेवढ्यात मॅडम धापा टाकत आल्या. काकांनी त्यांना पायरीवर बसवून सगळं सांगितलं, अर्जासकट, आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून पुढे केलं.

मॅडम रागावल्या. चांगल्याच रागावल्या. "काका, खोटं बोललात याचा मला राग आहे. त्रास होतो याचा नाही. उद्या डॉक्टरांना भेटायचं. आणि काही दिवस तुम्हालाच एक सोबती लागेल. तोवर हे माझ्याकडे." ओळखपत्र त्यांच्या पर्समध्ये गेलं.

काकांनी मान खाली घातली.

"माझा बुधवार रिकामा असतो," मागून ऑपरेटरबाई म्हणाल्या. लगेच त्यांनी पुस्ती जोडली, "म्हणजे, सगळेच वार रिकामे असतात."

पुढच्या बुधवारी दहाला येते म्हणालेल्या बाई सव्वाअकराला पोचल्या. काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण त्या वाटेत चार वेळा थांबल्या, एकदा अर्ध्यावरून परत फिरल्या आणि पुन्हा वळल्या. सूनबाईनं त्यांना दारात सोडलं. बाई घामानं डबडबल्या होत्या. काही न बोलता काकांच्या आरामखुर्चीत बसल्या, "मलाही असंच होतं" म्हणाल्या, आणि पाचव्या मिनिटाला गाढ झोपल्या.

त्या खुर्चीच्या पायाखाली काकांचं धोतर अडकलं होतं. ओढावं तर बाई जाग्या होतील! काका तसेच शेजारी फरशीवर बसून राहिले. बायको दोनदा डोकावली, तिला त्यांनी हातवारे करून परत पाठवलं. बाई तब्बल दोन तास झोपल्या. चौदा महिन्यांत दिवसा त्यांचा डोळा लागला नव्हता, असं सूनबाईनं नंतर सांगितलं.

संध्याकाळी भेटीची नोंद लिहायला काकांनी वही उघडली. सोबती कोण आणि भेट कुणाला, या रकान्यांपाशी बराच वेळ पेन चावलं. शेवटी दोन्ही रकाने कोरे सोडले आणि खाली लिहिलं : "दोन तास शेजारी बसलो. एक शब्द बोललो नाही. डावा पाय अजून बधिर आहे."