शलाकेपायी गेलेले केस

हितेंद्र डोक्याचा गोटा करून आणि मिशी सफाचट करून घरी आला, तोही शनिवारी, आणि लालबागच्या त्या चाळीवर शोककळा पसरली. पसरणारच हो! कोकणातला माणूस एवढा तुळतुळीत होतो तो बाप गेल्यावरच. हितेंद्रचे वडील, दगडू, गिरणी बंद पडल्यापासून गावी राहत होते आणि तिथे फोनला रेंज नव्हती.

खरी गोष्ट साधी होती, पण चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. महिन्यापूर्वी रघूच्या सलूनमध्ये नंबर लागायची वाट बघताना हितेंद्रच्या मोबाइलची बॅटरी संपली. समोर जुन्या कॉमिक्सची चळत होती. वेळ जावा म्हणून त्याने एक उचललं. दीपगृहात एकटी राहणारी शलाका रात्री मुखवटा चढवून चाच्यांशी लढत होती. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हितेंद्र प्रेमात पडला. अगदी ठार! ऑफिसच्या डब्यातलं कालवण बघूनही त्याला समुद्र आठवू लागला.

पण रघूचा नियम कडक. पुस्तक बाहेर न्यायचं नाही आणि गिऱ्हाईक असेल त्यानेच बाकावर बसायचं. मागून न्यावं तर कुठल्या तोंडाने? चाळ कमिटीचा सेक्रेटरी म्हणून यानेच जिन्यात कॉमिक्स वाचणाऱ्या पोरांना "डोकी फिरतील" म्हणत हाकललं होतं. मग आधी केस बारीक झाले, मग दाढी गेली, मग कल्ले. शुक्रवारी शलाका दोरखंडाला लटकलेली राहिली आणि खाली मगरी. हितेंद्रला झोप लागेना.

"साहेब, आता कापू काय?" शनिवारी रघूने विचारलं.

"सगळंच काढ. मिशीसकट. पण घाई नाही, आधी या सगळ्यांचं होऊ दे."

तरी शेवटची पानं राहिलीच.

शेजारच्या बेबीकाकूंनी त्याला जिन्यात पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "भावजी गेले रे?"

"नाही हो काकू, बाबा ठणठणीत आहेत. उकाडा होतो म्हणून…"

"उकाडा काय मिशीला होतो?" काकूंनी त्याला जवळ घेतलं. "रड बाबा. आत ठेवू नको."

दुपारपर्यंत चाळीच्या फळ्यावर दगडूंचं नाव 'दुःखद निधन'खाली लागलं. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून काकूंनी पिठलं-भात आणून ठेवला. हितेंद्रची बायको रुपाली बाजारातून आली ती गर्दी बघून रडायलाच लागली. कोणीतरी गावच्या दुकानातल्या लँडलाइनवर फोन केला. निरोप पोचला तो एवढाच, की मुंबईच्या घरात कोणीतरी गेलं. बिचारे दगडू मिळेल त्या एसटीने निघाले.

रविवारी सकाळी ते फळ्यासमोर उभे राहिले. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं.

"मी मेलंय? आणि माका कोणी सांगूक नाय?"

रुपालीने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली. "मग हे केस कशापायी?"

"शलाकेपायी," हितेंद्र पुटपुटला.

"कोण ही शलाका?"

आता सांगावंच लागलं. हाकललेली पोरं जिन्यात बसून ऐकत होती. कोणी हसलं नाही, आणि हितेंद्रला त्याचीच जास्त लाज वाटली.

"चित्रां बघूक केस देतंस? थांब, त्या रघ्याक बघतंय!" दगडू तरातरा सलूनकडे निघाले. सत्तरी उलटली तरी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र केसांचा आणि झुपकेदार मिशीचा अख्ख्या चाळीला हेवा वाटे.

दुपार टळली तरी ते परतले नाहीत. हितेंद्र गॅलरीत घिरट्या घालत होता. दिवेलागणीला दगडू शांतपणे जिना चढून आले. गोटा. मिशी सफाचट. दारातून बेबीकाकूंनी पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि पुन्हा पिठल्याचं पीठ काढलं.

"बाबा," हितेंद्रने हळूच विचारलं, "सुटली का ती?"

"सुटली. पण फुडच्या अंकात दीपगृहाक आग लागता, आणि थयसरच रघ्यान दुकान बंद केल्यान."

"मग आता? आपल्याकडे काढायला काय उरलंय?"

दगडूंनी लेकाचा चेहरा बराच वेळ निरखला.

"भुवयो आसत ना अजून," ते म्हणाले.