केकवरची क्रॅनबेरी आणि बाईंचा तास

कॅडवेल गावात दर डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता ग्रंथालयाच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात दुसरीची मुले क्रॅनबेरीवर साखर चढवत. दुसऱ्या दिवशी गावातल्या ज्येष्ठांचे जेवण असे. त्याला पूर्वी नाताळचे जेवण म्हणत; गेल्या तीन वर्षांपासून कोणाचे मन दुखू नये म्हणून हिवाळी जेवण म्हणतात. त्या जेवणातल्या पांढऱ्या केकवर ही लाल, दव गोठल्यासारखी चमकणारी फळे ठेवली जात. हा प्रकार सव्वीस वर्षे विनातक्रार चालला होता. विनातक्रार चाललेल्या गोष्टीची नोंद होत नाही, आणि नोंद नसलेली गोष्ट चालू कशी, हा प्रश्न यंदा नोव्हेंबरात प्रथमच कोणाला तरी पडला.

हा तास झुल्मीरा आंद्रादे बाई घेत. बाईंचे वडील केप व्हर्डच्या बेटांवरून आले आणि याच गावच्या पाणथळ मळ्यांत गुडघ्यांवर रांगत क्रॅनबेरी तोडून म्हातारे झाले. बाईंनी दुसरीच्या वर्गाला अडतीस वर्षे शिकवले. शाळेने निरोप दिला तेव्हा बाकीचे सगळे तास गेले, हा एक उरला. वर्षातून एकदा, दोन तासांचा.

या तासाचा धडा सोपा होता. पाणी आणि साखर गरम करायची, पाक एकतारीसुद्धा होऊ द्यायचा नाही. उकळत्या पाकात फळ टाकले तर ते फुटते, म्हणून आधी पाक कोमट होऊ द्यायचा. फळे त्यात मुरवायची, निथळून जाळीवर पसरायची आणि तासभर थांबायचे. बोटाला चिकटतील पण ओली लागणार नाहीत, अशी झाली की साखरेत घोळवायची. घाई केली तर गोळे होतात, उशीर केला तर साखर धरत नाही. मुलांना थांबायला शिकवण्याची इतकी चांगली युक्ती बाईंना अडतीस वर्षांत दुसरी सापडली नव्हती.

पण खरा धडा शेवटी होता. प्रत्येक मूल एक फळ तोंडात टाकी. आधी साखर कुरकुरे, मूल हसे. मग फळ दाताखाली फुटे आणि असा आंबटपणा डोक्यात चढे की डोळे आपोआप मिटत आणि कान हलत. मग मूल दुसरे फळ मागे. तो चेहरा बघायला बाई वर्षभर थांबत.

यंदा ग्रंथालयाने नवा अर्ज काढला. रकाना सातमध्ये विचारले होते: तयार होणारी वस्तू (अ) खाद्य आहे, (आ) सजावट आहे. बाईंनी 'आ'वर खूण केली, कारण फळे केक सजवायलाच जात होती. दोन दिवसांनी गावचा आरोग्य निरीक्षक वेंडेल हॅलेट बाईंच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. तो बाईंचाच विद्यार्थी. वर्गात शिंक आली तरी हात वर करणारा.

"बाई, तुम्ही 'सजावट' लिहिलंत."

"सजावटच आहे की रे. केकवर ठेवतो ना आपण."

"पण मुलं ती खातात."

"खातात एखाददुसरं. जास्त खाल्लं तर दात आंबतात. तू पाच खाल्ली होतीस, आठवतं? संध्याकाळी तुझ्या आईचा फोन."

वेंडेलचे कान लाल झाले. "म्हणजे खाद्य झालं, बाई. आणि खाद्य म्हटलं की चौदा वर्षांखालचं मूल स्वयंपाकघरात चालत नाही. शिवाय ग्रंथालयाचं स्वयंपाकघर फक्त कॉफी गरम करण्यापुरतं मंजूर आहे."

"बरं बाबा, मग सजावट म्हण."

"सजावटीला माझी काहीच हरकत नाही. फक्त ती कोणी खाता कामा नये. खाल्लेली सजावट म्हणजे विनापरवाना खाद्य."

"आणि केकवर ठेवल्यावर?"

"केक खायचा. वरचं काढून बशीच्या कडेला ठेवायचं. तसंही अर्धे लोक तेच करतात."

"वेंडेल, हे सगळं तुझ्या डोक्यातून आलंय का रे?"

"नाही बाई, नियमावलीतून. वाचून न समजलेलं पुन्हा वाचावं, असं तुम्हीच शिकवलं होतं. मी चारदा वाचलं."

मग त्याने खालच्या आवाजात मुख्य गोष्ट सांगितली. ग्रंथालयाची राखीव वेळ एकदा जरी नियमभंगामुळे बाद झाली, तरी ती कायमची जाते. खुर्चीत बसून व्यायाम करणारे मंडळ चार वर्षांपासून त्याच शनिवारच्या रांगेत होते. बाईंनी 'कोणीही खाणार नाही' अशा हमीवर सही केली. तास टिकवायचा तर यंदा मुलांचे चेहरे सोडावे लागतील, असे त्यांनी स्वतःला समजावले. वेंडेलने देखरेखीसाठी स्वतः हजर राहण्याचे कबूल केले. तेवढाच ओळखीचा माणूस.

खाद्य नाही म्हटल्यावर फाइल आरोग्य खात्यातून सुटली आणि सजावट आहे म्हटल्यावर हिवाळी सजावट समितीकडे गेली. समितीत पाच जण होते. अध्यक्ष प्रिसिला नायकर्सन हीसुद्धा बाईंचीच विद्यार्थिनी. रेघा मारताना पट्टी कधी हलू न देणारी. तिचे पत्र आले. फळांचा लाल रंग 'फळाची नैसर्गिक अडचण लक्षात घेऊन' मान्य करण्यात येत होता. सोबत रोझमेरी या सुवासिक झुडपाच्या हिरव्या काड्या मात्र ठेवता येणार नव्हत्या, कारण लाल आणि हिरवा एकत्र आले की नाताळचे रंग होतात आणि सार्वजनिक इमारतीत एकाच धर्माचा सण साजरा होतो. फळे गोल मांडू नयेत, गोल मांडली की दारावरचे नाताळचे तोरण होते. नऊची ओळ करू नये, तिच्यात ज्यूंच्या सणातल्या नऊ मेणबत्त्या दिसू शकतात. एकूण मांडणी 'कोणताही अर्थ निघणार नाही अशी' असावी, आणि ती निरर्थक आहे याची खात्री समितीचे सदस्य समक्ष येऊन करतील.

शनिवार उजाडला. बाहेर बर्फ पडत होता. अठरा मुले टेबलाभोवती उभी राहिली आणि भिंतीवर वेंडेलने स्वतः चिकटवलेली पाटी होती: ही सजावट आहे. खाण्यास मनाई.

"बाई, पाक लाल का झाला?" विनी सीअर्सने विचारले. ही सात वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत उभी राहता यावे म्हणून वीस मिनिटे आधी आली होती.

"फळानं आपला थोडा रंग त्याला दिला. आणि पाकानं फळाला काय दिलं?"

"गोडी!"

"अंहं. गोडी फक्त सालीपर्यंत. आत ते तसंच्या तसं आंबट. ते बदलत नाही." एवढे बोलून बाई थांबल्या. पुढचे वाक्य दरवर्षी 'खाऊन बघा' असे असे.

फळे जाळीवर पसरली. घड्याळ लावले. तेवढ्यात समितीतला ड्वाइट आणि त्याच्या मागोमाग कोरा बूट आपटत आले.

"चमकतायत छान," ड्वाइट म्हणाला.

"हो, पण त्या कोपऱ्यातल्या सहांचा मला तारा वाटतोय," कोरा म्हणाली. "जरा विस्कटली तर..."

इतक्यात दार उघडून प्रिसिला आत आली आणि कोराचे वाक्य अर्ध्यावर राहिले. तिघेही गप्प. प्रिसिलाने ओठांवर बोट ठेवले.

"अगं प्रिसिला, ये ना. बघ, कशी झालीत?" बाई म्हणाल्या.

प्रिसिलाने डोळे मिटून मान हलवली. मग, मान हलवणे हेही मत ठरू शकते हे लक्षात येऊन, ती हलवायची थांबवली.

"त्यांना बोलता येणार नाही, बाई," वेंडेलने कोपऱ्यातून सांगितले. "पाचातले तिघे एका खोलीत आले आणि समितीच्या विषयावर बोलले, की ती सभा होते. सभेची सूचना अठ्ठेचाळीस तास आधी लावावी लागते. गावाच्या कारभारात चोरून काही ठरू नये म्हणून तसा कायदा आहे."

"चोरून? माझ्यासमोर, अठरा मुलांसमोर?"

"सूचना लावलेली नाही ना."

"मग एकानं बाहेर जावं."

ड्वाइट बर्फात गेला. आता दोघींना बोलता येत होते, पण दोघींना ठरवता येत नव्हते. ठरवायला तिघे लागत. कोराने आपले तारा प्रकरण प्रिसिलाला समजावले. मग कोरा बाहेर गेली, ड्वाइट आत आला आणि प्रिसिलाने कोराचे म्हणणे त्याला सांगितले. त्यावर ड्वाइटचे काही म्हणणे निघाले, ते कोरापर्यंत पोहोचवण्यासाठी प्रिसिला बाहेर गेली. असे बराच वेळ चालले. मुले दाराकडे टेनिसचा सामना बघावा तशी बघत होती. जाळीवरची फळे वाळत होती. बाई दर दोन मिनिटांनी एका फळाला बोट लावून बघत होत्या आणि बोट दर वेळी जरा कमी चिकटत होते.

विनीने हात वर केला. "बाई, आम्ही समिती आहोत का?"

"नाही गं बाळा."

"मग आम्ही बोललो तर चालेल?"

सगळ्यांनी वेंडेलकडे पाहिले. त्याने नियमावली चाळली. मुलांनी बोलण्याबद्दल तिच्यात काहीच नव्हते. ही त्रुटी त्याने वहीत टिपून ठेवली आणि परवानगी दिली.

"मग सांगा रे," बाईंनी विचारले, "कशी मांडली तर काहीच अर्थ निघणार नाही?"

"सांडली तर!" मागून एक मुलगा ओरडला.

मुलांनी फळे साखरेत घोळवली आणि ताटात सांडली. ती इतकी निरर्थक सांडली की प्रिसिलाच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. तिघांनी एकामागून एक, मध्ये सभ्य अंतर ठेवून माना डोलावल्या आणि एकमेकांकडे न बघता तिघे निघून गेले.

आता खोलीत बाई, वेंडेल, अठरा मुले आणि ताट. तळघराच्या उंच खिडकीतून येणाऱ्या उजेडात प्रत्येक फळावरचा कण न् कण लुकलुकत होता. वेंडेल ताटाकडे बघत होता. मग तो म्हणाला, "बाई, मी जरा खिडकीतून बर्फ बघतो. एक मिनिट. मला दिसलं नाही, तर मला लिहिता येत नाही."

आणि त्याने पाठ फिरवली.

बाईंना भरून आले. नियमावली चारदा वाचलेल्या पोरात पाच फळे खाल्लेले पोर अजून शिल्लक होते. त्या वाकून कुजबुजल्या, "घ्या रे. पटकन. एकेक."

कोणी हलले नाही. अठरा मुलांचे छत्तीस हात पाठीमागे गेले.

"पाटी आहे ना, बाई," एक जण म्हणाला.

"अरे, ते बघत नाहीयेत."

"कोणी बघत नसलं तरी नियम तो नियम," विनी म्हणाली. "तुम्ही गुरुवारी वर्गात येऊन सांगितलंत."

सांगितले होते खरे. गुरुवारीच काय, अडतीस वर्षे सांगितले होते. बाईंनी मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. छान, धुतलेले, समजूतदार चेहरे. एकाही डोळ्यात हाव नाही. आत काय आहे हे यांना कळणार तरी कसे? मग बाईंनी ताटातले सर्वांत मोठे फळ उचलले आणि स्वतःच्या तोंडात टाकले.

साखर कुरकुरली. फळ फुटले. बाईंचे डोळे मिटले, नाकाला सुरकुत्या पडल्या, त्र्याहत्तर वर्षांचे कान हलले. अठरा मुले खदखदून हसली. एकाने नुसते बघून आपले गाल दाबून धरले. मागच्या ओरडणाऱ्या मुलाचा हात पाठीमागून सुटला आणि हळूहळू ताटाकडे सरकू लागला. बाई त्या हाताकडे श्वास रोखून बघत राहिल्या.

त्याच वेळी विनीने हात वर केला. कोपर सरळ, बोटे जुळलेली, तोंड बंद. आपली पाळी येईपर्यंत ती थांबली.

बाईंना काय येणार ते कळले. न बघितल्यासारखे करता आले असते. वेंडेल अजून बर्फ बघत होता आणि तो हात ताटापासून वीतभर अंतरावर आला होता. पण वर केलेला हात बाईंनी आयुष्यात कधी दुर्लक्षिला नव्हता.

"बोल, विनी."

"बाईंनी एक खाल्लं."

मागच्या मुलाचा हात परत पाठीमागे गेला. वेंडेल खिडकीकडे तोंड करूनच उभा होता.

"ऐकलेलंही लिहावं लागतं का रे?" बाईंनी विचारले.

"साक्षीदारानं सांगितलं तर लागतं, बाई."

"मग लिही. सुवाच्य लिही." बाईंनी ओठावरची साखर पुसली. मग त्या विनीकडे वळल्या. "हात वर केलास, थांबलीस, स्पष्ट बोललीस. शाब्बास."

एक नग खाल्ला गेल्यामुळे बाकीचे चारशे अकरा नग पूर्वलक्षी प्रभावाने खाद्य ठरले. खाद्य ठरल्यामुळे ते चौदा वर्षांखालच्या व्यक्तींनी अमान्य स्वयंपाकघरात बनवलेले निघाले, आणि पिवळ्या पिशवीत सील झाले. रविवारी केक नुसता पांढरा आला. ज्येष्ठांनी तो खाल्ला. यंदा केक कसा हलका वाटतोय, असे दोघेतिघे म्हणाले. शनिवारची वेळ व्यायाम मंडळाला मिळाली. बाईंना गावातर्फे सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल आभाराचे पत्र आले. त्यात, खुर्चीत बसून व्यायाम करायला आपणही यावे, असे निमंत्रण होते.

एवढ्यावर गावाने हात झटकले असे कोणी म्हणू नये. नेमके कुठे चुकले हे शोधायला पाच जणांची चौकशी समिती नेमण्यात आली आहे. विनीचा अर्ज सर्वांत आधी आला होता, पण वयात बसला नाही. दोन जागा अजून रिकाम्या आहेत.

या संपूर्ण वृत्तांतात मुलांनी फळांना हात लावण्यापूर्वी हात धुतल्याचा उल्लेख कुठेही नाही. ज्या वाचकांच्या हे आधीच लक्षात आले होते, आणि बाईंच्या दाताखाली फळ फुटले तेव्हाही ज्यांच्या मनात तेच घोळत होते, त्यांनी अर्ज पाठवण्याची तसदी घेऊ नये. त्यांची नावे समितीत आधीच घातलेली आहेत.