साळूबाईंचा समुद्र

एका जंगलात एक शाळा होती. जंगलाला शाळा कशाला, असं विचारू नका बाळांनो. मलाही सांगता येत नाही.

या शाळेत साळूबाई भूगोल शिकवायच्या. वीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली, पण समुद्र काही पाहिला नाही. दोन वर्षांनी निवृत्ती. त्याआधी एकदा तरी खारं पाणी पायाला लागावं, एवढीच बिचारीची इच्छा.

आणि परिपत्रक आलं की हो! इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी परदेशात चार आठवड्यांचं अभ्यास-चर्चासत्र. तेही समुद्रकाठी. साळूबाईंनी त्याच दिवशी अर्ज टाकला.

खाली बारीक अक्षरात अट होती: पूर्वी जाऊन आलेल्यांना प्राधान्य.

"अहो, मग जो गेलाच नाही त्यानं जायचं कधी?" साळूबाईंनी मुख्याध्यापक अस्वलरावांना विचारलं.

"अनुभव लागतो, बाई," अस्वलराव म्हणाले.

नागरिकशास्त्राचे सांबरसर दोनदा जाऊन आले होते. तेच तिसऱ्यांदा गेले.

परतले ते गळ्यात ओळखपत्र अडकवूनच. झोपतानाही काढत नाहीत म्हणे. पोरांनी विचारलं, "सर, समुद्र कसा होता?"

"सभागृहाला खिडक्या नव्हत्या रे. जाता-येता मला झोप लागली. चहा मात्र फक्कड."

आता अहवाल द्यायचा होता. चाळीस पानी. सांबरसर साळूबाईंकडे आले.

"बाई, विषय तुमचाच आहे. एवढं लिहून द्या. पुढच्या वर्षी तुमची शिफारस मी करतो."

साळूबाईंनी जीव ओतून लिहिलं. लाटा, वाळू, कोळ्यांच्या होड्या, मासळी वाळवायची रीत. काही म्हणता काही सोडलं नाही.

सांबरसर शब्दाला जागले, हे मान्य करायला हवं. पुढच्या वर्षी त्यांनी शिफारस केली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, 'गेल्या वर्षीचा अहवाल बाईंनीच लिहिला आहे.'

समितीचं उत्तर आलं. 'अहवाल वाचून समिती थक्क झाली. न जाता ज्यांना इतकं ठाऊक आहे, त्यांना पाठवण्याचं प्रयोजन दिसत नाही. सांबरसरांना मात्र अद्याप काहीच कळलेलं नाही. सबब त्यांना चौथ्यांदा पाठवावं.'

साळूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ओघळून ओठांवर आलं. त्यांनी चव घेतली.

"मी शिकवत होते तसंच आहे," त्या म्हणाल्या, आणि पाचवीच्या वर्गावर गेल्या.

तात्पर्य: मुलांनो, समुद्र पाहायचा असेल तर भूगोलाचा अभ्यास करू नका. केलाच, तर निदान कुणाला कळू देऊ नका.