ताहिराभाबींची स्वाहिली

नूरुद्दीन खतीबला आफ्रिकेतून परत येऊन वर्ष झालं होतं, पण आफ्रिका काही त्याला सोडून जायला तयार नव्हती. कुवेतच्या बनेद अल-गार वस्तीतल्या कोकणी मंडळींपैकी कोणीही भेटलं की तो हात छातीवर ठेवून म्हणायचा, "क्वाहेरी." मग समजावून सांगायचा, की तिकडे लोक माणसाचं स्वागत असं करतात.

ताहिराभाबींचा जन्म मोम्बासाचा. त्यांच्या वडिलांचं तिथे बेकरीचं दुकान होतं, आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्या गल्लीतल्या मुलींबरोबर स्वाहिलीतच भांडत होत्या. 'क्वाहेरी' हा निरोपाचा शब्द आहे, म्हणजे हा गृहस्थ वर्षभर लोकांना तोंडावर 'चला, निघा' म्हणतोय, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि त्यांना स्वाहिली येते हे जमातीत कोणाच्या ध्यानातही नव्हतं. त्यांना ते फार आवडलं होतं.

नूरुद्दीन एका हार्डवेअरच्या पेढीत स्टोअरकीपर होता. साठ सालच्या डिसेंबरात मालकाने त्याला सहा महिन्यांची रजा दिली, आणि लाकडं आणायला निघालेल्या एका कुवेती गलबतावरून तो पूर्व आफ्रिकेतल्या लामूच्या बाजूच्या एका खेड्यात गेला. तिथल्या शाळेत फुकट शिकवायला. जाताना त्याने सगळ्या ओळखीच्यांच्या घरी जाऊन निरोप घेतला, आणि आल्यावर त्याच सगळ्या घरांत जाऊन हकिगत सांगितली. ती दर घरी थोडी वाढत गेली. पहिल्या घरात त्याने मुलांना पाढे शिकवले होते. पाचव्या घरापर्यंत शाळा बांधून झाली, आणि नवव्या घरात गावाच्या मुखियाने त्याला राहून जाण्याची विनंती करत डोळे पुसले.

भाबींना या सगळ्याची गंमतच वाटायची. राग यायचं कारण वेगळं होतं. गेली पाच वर्षं त्या आपल्या पुढच्या खोलीत जमातीच्या मुलांचा वर्ग घेत होत्या. रोज दुपारी चारला बावीस मुलं यायची, चटईवर बसायची आणि मराठी वाचन, हिशेब, थोडं उर्दू शिकून जायची. याबद्दल पाच वर्षांत कोणी हार घातला नाही, आणि भाबींनी अपेक्षाही केली नव्हती. पण आता जमातीच्या कमिटीत असा विचार सुरू झाला होता, की वर्ग नूरुद्दीनच्या हाती द्यावा. कारण त्याला 'परदेशी शाळेचा अनुभव' आहे.

"मग आपण काय रत्नागिरीत बसलोय?" भाबी म्हणाल्या.

त्यांचे यजमान रफीक जमातीचे सेक्रेटरी होते. ते भांडण दिसलं की चष्मा पुसायला घेत. "अजून ठरलेलं नाही," ते चष्मा पुसत म्हणाले.

"त्याने तिकडे नक्की काय शिकवलं, कोणी विचारलं का?"

"विचारायला त्या गावचं इथे आहे कोण?"

आणि मे महिन्यात त्या गावचं माणूस आलं. तिथल्या शाळेचे मास्तर, मुअल्लिम यूसुफ, डोळ्यांवर उपचार करून घ्यायला गलबतातून कुवेतला उतरले. इथल्या इस्पितळाचं नाव तिकडेही पोचलं होतं. खलाशांकडून ही बातमी बंदरावर आणि बंदरावरून जमातीत आली. कमिटीने ताबडतोब ठरवलं, की शुक्रवारी असरच्या नमाजानंतर मास्तरांचं स्वागत आणि नूरुद्दीनचा सत्कार एकाच वेळी उरकायचा, आणि वर्गाचंही तिथेच जाहीर करून टाकायचं.

नूरुद्दीनचा चेहरा ही बातमी ऐकून पडला, असं रफीकनी घरी सांगितलं. भाबींनी त्या दिवशी खिमा केला.

शुक्रवारी हॉल भरला. पुरुष पुढे, आणि मागे पडदा लावून बायका. भाबी पडद्याच्या अगदी लगत बसल्या होत्या, शेजारी नूरुद्दीनची बायको रुकय्या. मास्तर सत्तरीचे, बारीक, पांढऱ्या टोपीतले. एका डोळ्यावर पट्टी होती. ते बोलायला उठले तसे रफीक म्हणाले, "मास्तर, अरबीत बोला. आम्हाला निम्मं तरी कळेल."

"नाही, नाही," नूरुद्दीन पुढे होत म्हणाला. "पाहुण्याने आपल्या भाषेत बोलावं. मी आहे ना सांगायला."

त्याने तेवढ्यावर थांबायला हवं होतं, असं भाबींना नंतर वाटलं. पण ज्या माणसाने वर्षभर लोकांना निरोप देऊन स्वागत केलं, त्याला थांबायचं कुठे हे कसं कळणार?

मास्तर हळू आवाजात बोलले. चार वाक्यं झाल्यावर थांबले. नूरुद्दीन म्हणाला, "मास्तर म्हणतात, मी गेल्यापासून शाळा सुनी झालीय."

लोकांनी माना डोलावल्या. मास्तर पुढे बोलले. त्यात 'किताबू' आला, 'कबाती' आला. किताब सगळ्यांनाच कळलं. नूरुद्दीन म्हणाला, "म्हणतात, नूरुद्दीनने आमच्यासाठी ज्ञानाचं कपाट उघडलं."

पडद्यामागे भाबींनी श्वास आत घेतला. मास्तरांनी पुन्हा काहीतरी सांगितलं, हात जोडल्यासारखे केले, आणि नूरुद्दीन डोळे मिटून म्हणाला, "शब्द नाहीत मंडळी. म्हणतात, याचं ऋण कसं फेडणार."

"ते असं काही म्हणाले नाहीत," भाबी पडद्याआडून म्हणाल्या.

रफीकनी चष्मा काढला.

"भाबी, ही खेड्यातली बोली आहे," नूरुद्दीन म्हणाला. "तिचा लहेजा वेगळा पडतो."

"लहेजा वेगळा पडेल, पण कपाट ते कपाट. मास्तर म्हणतात, शाळेच्या लोखंडी कपाटाची चावी तुम्ही येताना खिशात घालून आणलीत. सगळी पुस्तकं आत आहेत. गावच्या लोहाराच्या दोन छिन्न्या मोडल्या, कपाट उघडलं नाही. वर्षभर मुलं पुस्तकांशिवाय बसताहेत. चावी द्या, अशी ते विनंती करताहेत."

कोणीतरी खोकलं. मास्तर पडद्याकडे वळून पाहू लागले. भाबींनी त्यांना स्वाहिलीत विचारलं, नूरुद्दीनभाईंनी तुमच्याकडे किती दिवस शिकवलं? त्यांच्या तोंडून ती भाषा तीस वर्षांनी बाहेर पडत होती आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

मास्तरांचा चेहरा खुलला. ते भराभर बोलू लागले. भाबी सांगत गेल्या, आणि सांगताना त्यांनी आवाज जराही उतरवला नाही.

"अकरा दिवस. मग हिवताप आला. मग पायाला गळू झालं. गावातल्या बायकांनी पाळी लावून त्यांना पेज भरवली. मास्तरांनी स्वतःची खाट दिली आणि जमिनीवर झोपले. मास्तर म्हणतात, पाहुणा फार सज्जन होता, कण्हायचासुद्धा हळू."

हे मास्तर अगदी मनापासून म्हणाले होते. त्यामुळे जास्तच वाईट झालं. मागच्या रांगेतले लोक खाली मान घालून हसत होते.

"आमच्या शिवणाच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये एक मोठी चावी पडलीय," रुकय्या अचानक म्हणाली. "वर्षभर विचारतेय कसली म्हणून, तर म्हणतात असू दे." ती उठली आणि चपला घालून गेली. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. ती येईपर्यंत पाव तास नूरुद्दीन सत्काराची शाल असलेल्या टेबलाशेजारी उभा राहून छताचा पंखा बघत होता.

चावी आली. वीतभर लांब, गंजलेली. भाबींना वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. पण नूरुद्दीनने ती बायकोच्या हातून घेतली, रुमालाने पुसली, दोन्ही तळव्यांवर ठेवली आणि मास्तरांपुढे वाकून म्हणाला, "वर्षभर जिवापाड जपली." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी त्याला मिठी मारली. कुठल्याही सत्काराला शोभेल असा प्रसंग झाला.

शाल मात्र कमिटीने मास्तरांना घातली, आणि वर्ग ताहिराभाबींकडेच राहील, असं रफीकनी घाईघाईत जाहीर केलं.

निघताना मास्तर पडद्यापाशी आले. भाबींशी बराच वेळ बोलले. सगळी जमात ऐकत उभी होती आणि भाबींचा चेहरा अभिमानाने फुलला होता. त्या मास्तरांच्या प्रत्येक वाक्याला 'न्दियो, न्दियो' म्हणजे 'हो, हो' म्हणत होत्या. शेवटी मास्तरांनी काहीतरी विचारलं. त्यात मुलं होती, शिकवणं होतं, येणं होतं. भाबी म्हणाल्या, हो, अगदी आनंदाने.

दुसऱ्या दिवशी रफीक ऑफिसातून आले ते दारातच उभे राहिले.

"तू आफ्रिकेला जायला हो म्हणालीस?"

"मी?"

"बंदरावर गलबताचा नाखवा भेटला. माझं अभिनंदन केलं त्याने. डिसेंबरात तीन महिने त्यांच्या शाळेत शिकवायला येशील, असा शब्द दिलायस म्हणे मास्तरांना. तुझे मामा मोम्बासाला आहेत, ते सोबत येतील, हेही ठरलंय."

भाबी हातातलं लाटणं धरून खाली बसल्या. त्यांना आठवलं. 'मी येईन' आणि 'तू येशील' यांत स्वाहिलीत शब्दाच्या सुरुवातीला एका अक्षराचा फरक असतो. त्यांना वाटलं होतं, मास्तर विचारताहेत, मुलांना शिकवताना पाहायला मी येऊ का?

"मग सांगून टाकू, समजण्यात चूक झाली म्हणून," रफीक म्हणाले.

"कोणाला सांगणार?"

"मास्तरांना. आणि... मंडळींना."

भाबींच्या डोळ्यांसमोर नूरुद्दीन आला. प्रत्येक घरात जाऊन ही हकिगत सांगणारा. नवव्या घरापर्यंत तिचं काय होईल, याची त्यांना कल्पना होती.

"चूक कसली?" त्या म्हणाल्या. "मी विचार करून हो म्हटलंय."

"आणि तीन महिने वर्ग कोण घेणार?"

याचं उत्तर कमिटीकडे तयारच होतं.

आता मंगळवारी आणि गुरुवारी मुलं गेल्यावर मास्तर भाबींच्या पुढच्या खोलीत येतात. एक डोळा बरा झाला आहे, आता दुसऱ्याला पट्टी आहे. रफीक खुर्चीत बसून चष्मा पुसतात. चटईवर पाटी घेऊन भाबी बसतात, आणि दोन हातांवर, वर्ग कसा चालतो ते समजून घ्यायला आलेला नूरुद्दीन बसतो. आलोच आहोत तर शिकून घेऊ, असं तो म्हणाला, आणि नको म्हणायला भाबींना कारण सापडलं नाही. मी येईन, तू येशील, तो येईल. दोघं स्वाहिलीत मोठ्याने म्हणतात.

परवा भाबींनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, दोघांत पुढे कोण आहे?

मास्तरांनी थोडा विचार केला. तुमचा शब्दसाठा मोठा आहे, ते म्हणाले, पण उच्चार नूरुद्दीनचे जास्त स्वच्छ आहेत.