आर्विडच्या टाकीत मावेल तेवढं

आर्विड लुंडक्विस्ट आपल्या सेप्टिक टँकबद्दल ज्या थाटात बोलायचा, त्या थाटात लोक मुलाच्या नोकरीबद्दल बोलतात. मिनेसोटात तळ्याकाठी त्याचं उंचवट्यावर घर, समोर खाली उतरत गेलेली हिरवळ. हिरवळीच्या तळाशी त्याने मागच्या उन्हाळ्यात ही टाकी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. झाकण दिसू नये म्हणून वर शोभेची छोटी लाकडी विहीर ठेवली होती, तिला छप्परसुद्धा होतं. आणि गॅरेजच्या कडेला एक खास पाईप. कॅम्पर म्हणजे झोपायची-संडासाची सोय असलेली फिरत्या घरासारखी गाडी; तिच्यातला मैला सरळ टाकीत सोडायची सोय.

"अख्खं गाव आलं तरी पचवेल," असं तो सांगायचा आणि समोरचा मान हलवेपर्यंत विषय सोडायचा नाही.

मान न हलवणारा माणूस एकच, मेव्हणा लाइल. आर्विडच्या बायकोचा, मार्लिसचा, हा थोरला भाऊ जन्मभर घरं बांधत आलेला. आर्विडने बोटीसाठी धक्का बांधला, वाफेच्या अंघोळीसाठी सॉना बांधला, लाइलने दोन्ही गोष्टी ठोकून पाहिल्या आणि म्हणाला, "चालेल." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण याच्या पुढचा शब्द आर्विडच्या वाट्याला आला नव्हता.

जूनमध्ये सासूबाईंची, म्हणजे हुल्डाबाईंची नव्वदी आली. मार्लिसचं सगळं माहेर कॅम्पर घेऊन येणार होतं.

"लाइलच्या गाडीपुरतं ठीक आहे," मार्लिस म्हणाली. "यंदा बर्फ उशिरा वितळलंय, जमीन अजून चिखल आहे. टाकीतलं पाणी मुरणार कुठे? बाकीच्यांना टाक्या रिकाम्या करायला गावात पाठव."

"अगं, एकच गाडी. शब्द देतो."

लाइल आला. त्याची गाडी बसएवढी. पाईपपाशी त्याने गुडघा टेकला आणि आत डोकावून पाहिलं. आर्विड श्वास रोखून उभा.

"उतार बरा दिलायस," लाइल म्हणाला.

आर्विडचे पाय जमिनीवर राहिले नाहीत ते तेव्हापासून. त्यामुळे तासाभराने मार्लिसची मावसबहीण कोरिन येऊन म्हणाली, "आर्विड, लाइल तुझ्या पाईपची तारीफ करत होता. आमचीही टाकी रिकामी करू?" तेव्हा नाही म्हणायला त्याची जीभ उचलेना.

"कर. पण कुणाला सांगू नकोस."

कोरिन हुशार बाई. गाडीची टाकी आतून लख्ख राहावी म्हणून निघताना तिच्यात बर्फ आणि भांडी घासायचा लिंबाच्या वासाचा साबण ओतायचा, रस्त्याच्या हिसक्यांनी आपोआप घासलं जातं, ही युक्ती तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून शिकवली होती. सगळ्यांनी ती इमानदारीने पाळली होती. काहींना वाटलं, साबण थोडा जास्त घातलेला बरा.

मग भाचा वेंडेल आला. तोही "कुणाला सांगू नकोस" ऐकून गेला. मार्लिसने आपल्या धाकट्या बहिणीला, आर्विडला न विचारता, "तुझी एकटीची चालेल गं," म्हणून टाकलं. राहिलेल्यांनी हुल्डाबाईंना विचारलं. त्या खुर्चीतून म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? घरचंच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरवळीवर टेबलं मांडली. कॉफीचं मोठं पिंप, लिंबाच्या वड्या, केक. हुल्डाबाईंनी सुरी उचलली आणि खालून आवाज आला. एखाद्या अजस्र प्राण्याने झोपेत कूस बदलावी तसा.

सगळ्यांनी वळून पाहिलं. लाकडी विहीर हलली. मग ती वीतभर वर आली, आणि तिच्याखालून फेस निघाला. निळा. गाड्यांच्या संडासात टाकायच्या औषधाचा तो रंग, पण उन्हात असा काही चमकत होता की कुणाला औषध आठवलं नाही. फेस चढत गेला, माणसाच्या उंचीपर्यंत गेला, आणि छपरासकट विहीर त्याच्या माथ्यावर अलगद डुलत राहिली. वारा आला की त्यातून सशाएवढे गोळे सुटून तळ्याकडे तरंगत जायचे.

वेंडेलने टोपी काढली. त्याचं पाहून इतर पुरुषांनीही काढली. आश्चर्य म्हणजे आधी लिंबाचा वास आला. दुसरा वास मागाहून आला.

आर्विडला नजर काढता येईना. जमिनीखाली आपण हे एवढं काहीतरी बसवलंय, याची त्याला स्वतःलाच कल्पना नव्हती.

"आर्विड," हुल्डाबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "हे माझ्यासाठी केलंस?"

"हो, आई," आर्विड म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

लाइल त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"एवढी घरं बांधली," तो हळू आवाजात म्हणाला, "पण असलं मी कधी बघितलं नाही."

हे वाक्य ऐकायला आर्विडने उभी हयात घालवली असती. मार्लिस मात्र दुसऱ्या बाजूला येऊन उभी होती.

"कुणाकुणाला हो म्हणालास?"

"लाइलला."

"आणि?"

आर्विडने कोरिनकडे पाहिलं. कोरिनने केककडे पाहिलं. वेंडेलने मार्लिसच्या धाकट्या बहिणीकडे पाहिलं, आणि ती मार्लिसकडे पाहू लागली, तेव्हा मार्लिसने चौकशी तिथेच थांबवली. ती घरात जाऊन आली.

"घरातला संडास बंद," तिने जाहीर केलं. "नळसुद्धा कुणी उघडायचा नाही."

कॉफीचं पिंप तोवर निम्मं झालं होतं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग गाड्यांकडे. सगळ्या गाड्यांच्या टाक्या स्वच्छ, रिकाम्या. थोड्याच वेळात प्रत्येक गाडीच्या दाराशी शिस्तीत रांग लागली. सर्वांत लांब रांग लाइलच्या गाडीची, कारण तिच्या संडासात खिडकी होती.

आर्विडने संध्याकाळपर्यंत दम धरला. फेस बसला होता, विहीर आडवी पडली होती. शेवटी तो लाइलच्या दारात गेला.

दार उघडलं. लाइलने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बूट बाहेर काढ," तो म्हणाला. "आणि थोडक्यात आटप. टाकी भरत आलीय."