नवी आवक

ज्या घरात पुस्तकं असतात त्या घरात ज्ञान असतं, ही गोष्ट सर्वमान्य आहे. ते घरात नेमकं कुठे असतं, कपाटात की कोणाच्या डोक्यात, याची चौकशी आजवर कोणत्याही सरकारने केलेली नाही आणि करूही नये. काही गोष्टी विश्वासावरच चालतात.

हा विश्वास टिकवण्याचं काम ज्या मोजक्या लोकांनी अंगावर घेतलं आहे, त्यांत वाचनवीराचं स्थान फार वरचं. (हे नाव त्याने स्वतःच घेतलं होतं. आईवडिलांनी ठेवलेल्या नावाचा एक दातांचा डॉक्टर इंटरनेटवर आधीच ठाण मांडून होता.) दिवसा तो विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्याच्या टेबलावर बसे आणि उरलेला वेळ साहित्याला देई. त्याचा ब्लॉग आणि व्हिडिओ हजारो माणसं न चुकता बघत. कोणतं पुस्तक चांगलं हे तो सांगायचा. मग ती माणसं ते विकत घ्यायची, खिडकीत ठेवून त्याचा फोटो काढायची आणि पुढचं कोणतं घेऊ, असं विचारायची.

ब्लॉगचा सर्वांत लाडका भाग म्हणजे 'नवी आवक'. महिन्याभरात घरी आलेली पुस्तकं यात लोकांपुढे मांडली जात. याची एक कार्यपद्धती ठरलेली होती आणि तिच्यात कसूर झालेली वाचनवीराला खपत नसे. खोकं आलं की ते आधी गुपचूप उघडायचं, पुस्तकं पुसून घ्यायची, खोकं पुन्हा नीट चिकटवायचं आणि मग कॅमेऱ्यासमोर ते प्रथमच उघडायचं. आत पुस्तकं निघाल्याबद्दल आश्चर्य व्यक्त करायचं. प्रत्येक पुस्तकाचा वास डोळे मिटून घ्यायचा (सर्दी असली तरी). शेवटी पुस्तक कपाटात त्याच्या जागी लावायचं. जागा रंगावरून ठरे. लेखक, विषय, काळ असले जुनाट निकष त्याने कधीच मोडीत काढले होते. त्यामुळे आत्महत्येवरचा एक ग्रंथ आणि केकच्या पाककृती वर्षानुवर्षं शेजारी नांदत होत्या, कारण दोन्ही गुलाबी.

कचेरीत आवक असते तशी जावकही असते. इथे जावक नव्हती. पुस्तकं बैठकीतून स्वयंपाकघरात आली, तिथून शिलाई मशीनवर चढली, आणि पाहुणा आला की त्याला बसवायचं कुठे, हा प्रश्न बायकोपुढे उभा राहू लागला. ती बिचारी रोज धूळ पुसायची. घरातल्या प्रत्येक पुस्तकाला नित्यनेमाने हात लावणारी ती एकटीच होती, पण तिचा ब्लॉग नव्हता.

आता एवढी पुस्तकं एक माणूस वाचतो कधी, असा क्षुद्र प्रश्न काही मत्सरी लोक विचारत. वाचनवीर त्यांच्यावर रागावत नसे. त्याने स्वतःची वाचनपद्धती बसवली होती. मलपृष्ठ वाचायचं, लेखकाचा फोटो बघायचा, आणि पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग मागे टाकून जिथे बोट पडेल तिथलं एक वाक्य उचलायचं. सुरुवातीच्या पानांतलं वाक्य घेतलं की लोकांना संशय येतो; इतक्या आतलं घेतलं की माणूस तिथवर पायी चालत गेला असावा असं वाटतं. त्या वाक्याखाली पेन्सिल ठेवायची आणि बाकीचं पान धूसर करून फोटो काढायचा. अभिप्रायाचे शब्दही पुस्तकाच्या अंगकाठीप्रमाणे ठरलेले होते. बारीक पुस्तक 'तरल', जाड पुस्तक 'आवाका असलेलं'. जे हातातून निसटून पायावर पडतं ते 'अस्वस्थ करणारं', आणि ज्यात काही कळत नाही तो 'धाडसी प्रयोग'. या चार शब्दांवर मराठी समीक्षेचा गाडा त्याने एकट्याने ओढला, असं म्हटलं तर ते फारसं खोटं होणार नाही.

त्याला वाचायला शिकवलं होतं मावशीने. आई कामावर जायची, तेव्हा तो मावशीच्या मांडीवर बसून अक्षरांवरून बोट फिरवायचा आणि गोष्ट संपली की पुढची मागायचा. मावशी हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर बसून एक कादंबरी लिहायला घेतली. लिहायची, फाडायची, पुन्हा लिहायची. घरच्यांना वाटलं, बाईला विरंगुळा हवाय. विरंगुळ्याला माणूस इतकं रडत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. बऱ्याच वर्षांनी ती पुरी झाली आणि एका प्रकाशकाने घेतली. त्याने मुखपृष्ठ निळं केलं, कारण निळ्या पुस्तकांना सध्या उठाव होता.

मावशीने भाच्याला फोन केला. सगळ्या जगाचं मत तिला नको होतं, एकट्या त्याचं हवं होतं. दुसऱ्या कादंबरीचं बी तिच्या मनात पडलेलं होतं, पण हात चालत नव्हता. पहिली जमली की नुसताच कागद खराब केला, हे कळल्याशिवाय ती पुढे जाणार नव्हती.

"तू वाच आणि खरं सांग," ती म्हणाली. "वाईट असेल तर वाईट सांग. मला राग येणार नाही."

वाचनवीराने शब्द दिला आणि तो पाळला, म्हणजे पुस्तक येताच त्याने ते नव्या आवकेत सर्वांत आधी घेतलं. वास घेतला. मावशीच्या आठवणीने पुस्तक नेहमीपेक्षा जास्त वेळ नाकाशी धरलं, आणि यात नाटक नव्हतं. मग पद्धतीप्रमाणे बोट घातलं, तर वाक्य निघालं: 'दाब वाढला की झडप एकदम उघडू नये, हळूहळू सैल करावी.' शेजारी एक आकृती होती, बाण दाखवलेली. कादंबरीत आकृती! वाचनवीर थरारून गेला. आपल्या मावशीत एवढं पाणी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने एका दमात 'तरल', 'अस्वस्थ करणारं' आणि 'धाडसी प्रयोग' हे तिन्ही शब्द वापरले. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

ते वाक्य वणव्यासारखं पसरलं. लोकांनी ते कपावर छापलं, फोनच्या पडद्यावर लावलं. मनाचे डॉक्टर ते रुग्णांना सांगू लागले. एका बँकेने कर्मचाऱ्यांच्या शिबिरात ते फळ्यावर लिहून त्यावर गटचर्चा ठेवली. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या एका जोडप्याने कळवलं की या वाक्याने आमचा संसार वाचवला. कादंबरीच्या प्रती हातोहात खपल्या. घरोघरच्या कपाटातल्या निळ्या रांगेत ती गेली.

सगळ्या पहिल्या प्रती ब्लॉगवाल्यांना आणि दुकानांना द्यायच्या, लेखकाला शेवटी, हा प्रकाशन व्यवसायाचा शहाणपणाचा नियम. लेखकाला पुस्तकात काय आहे ते आधीच माहीत असतं. त्यामुळे मावशीने ते वाक्य प्रथम भाच्याच्या तोंडूनच ऐकलं. आपल्या प्रतीची वाट बघून थकल्यावर तिने फोन करून सांगितलं की हे वाक्य माझं नाही. वाचनवीर मनापासून हसला. आपलंच लिहिलेलं आपल्याला न आठवणं हे मोठ्या लेखकाचं लक्षण आहे, असं त्याने तिला समजावलं. दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

बायकोने शिलाई मशीनजवळची एक खुर्ची पुस्तकं उचलून मोकळी केली. मावशीने चष्मा लावला आणि निळं पुस्तक उघडलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग अधलंमधलं काढलं.

"हा पंप आहे," ती म्हणाली.

"मावशी, लोकांनी त्याचे फार वेगवेगळे अर्थ लावलेत. काहींच्या मते तो मन आहे."

"नाही रे. पाण्याचा पंप आहे. पाऊण अश्वशक्तीचा."

ते खरं होतं. छापखान्यात दोन कामं एकाच वेळी बाइंडिंगला आली होती: मावशीची कादंबरी आणि एका पंप कंपनीची देखभाल-दुरुस्तीची पुस्तिका. आकार तोच, जाडी तीच. बाइंडरने कव्हरं लावताना थप्प्यांची अदलाबदल केली. कादंबरीच्या कव्हरात पंप गेला आणि पंपाच्या कव्हरात कादंबरी. निळी प्रत हजारो घरांत पोचली, तरी एकही तक्रार आली नव्हती. पंप घेणाऱ्यांकडूनही आली नव्हती, हे न्यायाला धरून इथे नमूद केलं पाहिजे. न वाचण्याच्या बाबतीत आपल्याकडे सुशिक्षित-अशिक्षित असा भेद उरलेला नाही.

मावशीला बाइंडरचा राग आला नाही. माणसाकडून चूक होते, तिने आयुष्यभर वॉर्डात पाहिलं होतं. ती भाच्याकडे बघत राहिली. तू कुठवर वाचलंस, असं तिने विचारलं, तेव्हा त्याला खोटं सुचेना आणि त्याने आपली पद्धत तिला सांगितली. सांगताना प्रथमच त्याला ती जरा तोकडी वाटली. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"मी तुला म्हटलं होतं, वाईट असेल तर वाईट सांग," ती म्हणाली. "तू वाईटसुद्धा म्हणाला नाहीस रे."

तिला फार लागलं होतं आणि तिने ते लपवलं नाही. चहा न घेताच ती निघाली. वाचनवीरालाही वाईट वाटलं. त्याने त्या संध्याकाळी 'आपल्या माणसांना दुखावणं' या विषयावर एक हळवी पोस्ट लिहिली, आणि तिला भरघोस प्रतिसाद मिळाला.

प्रकाशकाने चौकशी बसवली. चौकशीत असं आढळलं की चूक झालेली आहे पण नुकसान कोणाचंच झालेलं नाही, सबब चूक तशीच चालू ठेवणं ग्राहकांच्या हिताचं आहे. मावशी मात्र हटून बसली. शेवटी प्रकाशकाने नाइलाजाने दुसरी आवृत्ती काढली आणि तिच्यात कादंबरी घातली.

मग मात्र तक्रारींचा पाऊस पडला. ते वाक्य कुठे आहे? आकृती का गाळली? आमची फसवणूक झाली. पहिल्या आवृत्तीची खोली दुसरीत उरली नाही, असं एका जाणकाराने लिहिलं. (ही तुलना त्याने दोन्ही मुखपृष्ठं शेजारी ठेवून केली होती.) प्रती परत येऊ लागल्या. प्रकाशक मावशीकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, बाई, एवढं एक वाक्य कुठेतरी बसवा, एखाद्या पात्राच्या घरी पंप दाखवा, तुमचं काय जातंय? मावशीने त्याला दार दाखवलं. तेव्हा त्याने मलपृष्ठावर छापलं: 'झडपेच्या सुप्रसिद्ध वाक्याच्या लेखिकेची कादंबरी.' तेवढ्याने खप थोडा सावरला.

मावशीने नव्या आवृत्तीची एक प्रत भाच्याला पाठवली. सोबत एका ओळीचाही मजकूर नव्हता. बाई अजून आशा धरून होती. वाचनवीराने ती प्रत नव्या आवकेत घेतली, पण या वेळी मनाशी ठरवलं की ही वाचायचीच. एका रविवारी तो खुर्ची ओढून बसलाही. तीन पानं झाली. वाक्यं साधी होती, एकही उचलून कपावर छापण्याजोगं नव्हतं. मन लागेना. इतक्यात नवं खोकं आलं.

पुढे मावशीचा फोन आला. वाचतोयस का, तिने विचारलं. वाचतोय, आवडतंय, तो म्हणाला. कुठवर आलास, असं तिने विचारल्यावर त्याने अंदाजाने सांगून टाकलं की ते दोघं भेटतात ना, तिथवर. कुठल्याही कादंबरीत कुठेतरी दोघं भेटतातच.

कोण दोघं, असं मावशीने विचारलं नाही. "बरं," ती म्हणाली. "सावकाश वाच."

दुसरी कादंबरी तिने लिहायला घेतली नाही. त्या टेबलावर ती आता भाजी निवडते. आणखी एक पुस्तक जगात यायचं राहिलं, पण आवकेत त्याने काहीच फरक पडला नाही.

वाचनवीराला नावं ठेवणं सोपं आहे, आणि ही गोष्ट वाचणाऱ्यांनी ती मनातल्या मनात ठेवलीच असतील. असा कसा माणूस, सख्ख्या मावशीचं पुस्तक वाचत नाही म्हणजे काय, आम्ही असतो तर वाचलं असतं. असेल बुवा. मावशीच्या कादंबरीचं मुखपृष्ठ कोणत्या रंगाचं होतं, कव्हरं कशी बदलली, कोणी काय म्हटलं आणि प्रती का परत आल्या, हे सगळं तुम्ही इथवर चवीने वाचलंत. त्या बाईने इतकी वर्षं रडत रडत लिहिलं होतं ते कशाबद्दल, हे विचारायचं मात्र तुमच्या एकदाही मनात आलं नाही.